गार हवेचा पाइप

त्या संध्याकाळी चहा तयार नव्हता, एवढंच काय ते झालं. मी दार उघडलं, चपला काढल्या, आणि बघतो तर गॅस बंद, पातेलं पालथं, बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. मी म्हटलं, आज संप आहे का कसला? तशी ती दचकली. तू कधी आलास, म्हणाली, अण्णा काही बोललेच नाहीत. अण्णा म्हणजे माझे वडील. ते खिडकीशी आपल्या वेताच्या खुर्चीत बसले होते, कान गल्लीकडे, नेहमीसारखे. काचबिंदूने त्यांची नजर आधी कडेकडेने खाल्ली, मग मधली. आता उजेड आणि सावली एवढंच उरलंय. पण माझ्या येण्याची वर्दी घरात तेच देतात. गाडी गल्लीत वळली, लाँड्रीपाशी मी गिअर उतरवला, की वर खिडकीत ते म्हणणार, "आला. चहा टाक." गाडी लावून, काचा वर करून, जिने चढून मी दारात येईपर्यंत चहाला उकळी फुटलेली असते. नजर गेल्यापासून हे एकदाही चुकलं नव्हतं. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "कोणाच्या गाडीतून आलास?"

"आपल्याच," मी म्हणालो.

"आपली आली नाही," अण्णा म्हणाले. वाद घालायचा म्हणून नव्हे. दूधवाला आला नाही, असं सांगावं तसं.  मी काहीतरी पुटपुटलो, ट्रॅफिक होता, हॉर्न वाजत होते, ऐकू आलं नसेल, आणि तोंड धुवायच्या निमित्ताने आत सटकलो. नळ सोडून आरशासमोर उभा राहिलो. मी सगळ्याचा विचार केला होता हो. पाइप कुठून वळवायचा, कुठे तापेल, कुठे घासेल, खड्ड्यातलं पाणी ओढणार नाही इतक्या उंचीवर त्याचं तोंड कसं ठेवायचं, सगळ्याचा. फक्त आवाजाचा केला नव्हता. आणि माझा धंदा काय, तर मोठमोठ्या इमारतींत गार हवा खेळवायच्या पत्र्याच्या नळांचे नकाशे काढणं. त्यातलं निम्मं काम हवेचा आवाज दाबायचं. साहेबांच्या केबिनमध्ये हवा यावी पण ती येतेय हे ऐकू येऊ नये, ह्यासाठी मी दिवसच्या दिवस घालवतो. आणि स्वतःच्या बापाच्या गाडीला पाइप लावताना हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

गाडी अण्णांची. मी शाळेत असताना त्यांनी ती जुनीच घेतली होती, शेवाळी रंगाची, चार दारांची, पुढे डोळे वटारल्यासारखे गोल दिवे. आता तसली गाडी रस्त्यात दिसली की लोक फोटो काढतात. तेव्हा लोक हसायचे. अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओला कान लावून आतला कुठला व्हॉल्व्हचा दिवा मरतोय हे सांगणारा माणूस, त्याने गाडीशीही तसंच नातं जोडलं. चालवताना गप्प. आम्ही मागे बसून जरा खुसखुसलो की, "ऐकू द्या." काय ऐकायचं, तर इंजिन. बॉनेट उघडायचा अधिकार घरात एकट्या त्यांचा. पुढे मी चालवायला शिकलो, गाडी माझ्या हातात आली, पण बॉनेटला हात लावायचा तर आधी विचारायचं, आणि विचारलं की ते स्वतःच बाह्या सरसावून खाली येणार. इंजिनाच्या डोक्यावर एक काळा पत्र्याचा गोल डबा होता, मोठ्या तव्यावर तवा उपडा घालावा तसा, त्याला आखूड सोंड. त्यातून गाडी हवा घ्यायची. एकदा प्रवासात तो डबा तडकला, तेव्हा घरी आल्यावर अण्णांनी दुकानातलं रेडिओचं सोल्डरिंग आयर्न आणून त्याच्यावर कथलाचा टाका मारला होता. गॅरेजवाला म्हणाला, टिकायचा नाही हा. टिकला. अण्णा येईल त्या पाहुण्याला बॉनेट उघडून तो टाका दाखवायचे. आणि त्या डब्यामुळेच आमच्या गाडीचा तो आवाज होता. पेपर वाचता वाचता माणूस समोरच्याला हूं हूं करतो ना, तसा. खालच्या पट्टीतला, जरासा दुर्लक्ष करणारा. खरं सांगायचं तर अण्णांचाच आवाज तो.

मला नुकती नोकरी लागली होती तेव्हाची गोष्ट. घरी मामा आले होते, अण्णांच्या दुकानातली दोघं-तिघं होती, आणि बोलणं निघालं की उन्हाळ्यात ही गाडी पाण्याच्या टाकीचा चढ चढताना धापा टाकते. मी म्हणालो, टाकणारच. डबा इंजिनाच्या डोक्यावर बसलाय, तापलेली हवा आत ओढतोय, गरम हवा पातळ असते, तिच्यात दम नसतो. पुढे जाळीपाशी सोंड नेली तर बाहेरची गार हवा मिळेल आणि गाडी सुटेल. मी कागद घेऊन काढूनही दाखवलं. अण्णांनी तो कागद बघितला, मामांना दाखवला आणि म्हणाले, "हा कागदावर हवा खेळवतो. ह्याच्या भरवशावर गाडी सोडली तर ती कागदावरच चालेल." सगळे हसले, मामा तर डोळे पुसेपर्यंत हसले. मीसुद्धा हसलो, दुसरं काय करणार. त्यात एवढं काही नव्हतं, बायको म्हणते तसं, बापाने मुलाची थोडी फिरकी घेतली, झालं. पण पुढे कितीतरी वेळा, ऑफिसच्या बोर्डवर एखादा नळ वळवताना, मला ते हसू ऐकू यायचं. मी नव्या इस्पितळाची, केवढ्या थोरल्या ग्रंथालयाची हवा खेळवली. अण्णांना सांगायचो. ते म्हणायचे, हूं.

मग त्यांची नजर गेली. गुडघ्यांनीही मान टाकली, खाली उतरणं बंद झालं. आणि यंदाच्या उन्हाळ्यात त्याच चढावर गाडी धापा टाकायला लागली, तेव्हा माझ्या मनात आलं, आता कोण बघतंय? हे मी अगदी ह्याच शब्दांत म्हणालो, मनातल्या मनात का होईना. बाप आंधळा झाला म्हणून मुलाला मोकळीक मिळाली, असा त्याचा सरळ अर्थ होतो. तेव्हा मला तो दिसला नाही. तेव्हा मला फक्त बॉनेट दिसत होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. अण्णांना सांगितलं, गाडी धुतो. आणि वर खिडकीत ते बसलेले असताना, बरोबर त्यांच्या खाली, मी बॉनेट उघडलं. बेसिनखाली लावतात तो करडा प्लॅस्टिकचा पाइप, त्याचे दोन बाक, ऑफिसच्या साइटवरून आणलेली उष्णता अडवणारी चंदेरी पट्टी, रबरी नळीचा तुकडा, आवळायच्या क्लिपा, आणि एक नवा शंकूसारखा फिल्टर. बायको कचरा टाकायला खाली आली, बघून म्हणाली, गाडीला बेसिन लावतोयस का? मी तिला हळू बोल म्हणून खुणावलं. मला आठवतं, मी फार सुखात होतो. हात ग्रीसने भरलेले, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तो कागदावरचा बाक हातात धरून इंजिनाच्या कडेने फिरवून बघायचा, इथे बसत नाही, तिथे बसतोय, असा खेळ. वरून अण्णांनी एकदा हाक मारली, कसला आवाज येतोय रे, करवत चाललीय का? मी म्हणालो, शेजारी खिडकीला ग्रिल बसवताहेत. इतकं सहज निघून गेलं तोंडातून.

सगळं बसलं, पण फिल्टर इंजिनाच्या तापापासून आडोशाला हवा होता. मध्ये पत्र्याची भिंत पाहिजे होती. हार्डवेअरचं दुकान सुट्टीचं बंद. आणि पायाशी तो काळा डबा पडला होता, काढून ठेवलेला. उत्तम जाड पत्रा, त्याला हवा तसाच बाक. मी तो उचलला, फिरवून बघितला. अण्णांचा टाका अंगठ्याला लागला. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो असतो तर दुकान उघडणारच होतं. पण हातात काम चढलेलं असताना थांबणारा मी नव्हे, तो गुण त्यांचाच. मी कातर लावली. डबा कापताना वाजला, मोठ्याने, आणि मी वर बघितलं. खिडकीत अण्णांचं कोपर दिसत होतं. मी टाका मात्र वाचवला. त्याच्या बाजूने कापलं, तो तुकडा भिंतीतच बसवला. तेव्हा वाटलं, हा आपला केवढा मोठेपणा. उरलेलं भंगारात गेलं. संध्याकाळी मी गाडी टाकीच्या चढावर नेली आणि ती अशी चढली, अशी चढली म्हणून सांगू, की मी वर पोचल्यावर एकटाच स्टिअरिंगवर थाप मारून हसलो. काच खाली करून तो नवा मोठा श्वास ऐकला. छाती भरून घेतलेला. ऐकला, आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही की हा आवाज आणखी कोणाला तरी ऐकू जाणार आहे.

चहा चुकला त्यानंतर अण्णा रोज विचारायला लागले. गाडी कुठे ठेवलीस? गॅरेजला दिलीय का? मग चल, खाली जाऊ, हात लावून येतो. इतके दिवस गुडघ्यांमुळे जिना उतरत नव्हता हा माणूस, आणि आता काठी घेऊन दाराशी उभा. मी म्हणायचो, आज नको, जिना ओला आहे. आज नको, मला उशीर झालाय. उद्या जाऊ. त्यांना खाली नेलं की गाडी आहे हे कळेल, आणि गाडी आहे हे कळलं की हात पहिल्यांदा बॉनेटखाली जाणार, हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. न नेलं तर त्यांना वाटणार की गाडी नाहीच. मध्येच मी भंगारबाजार पालथा घातला. एक डबा मिळाला, थोडा लहान, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. तो बसेना. आणि बसला असता तरी त्याच्यावर टाका कुठून आणणार होतो? बायको म्हणाली, सरळ सांगून टाक ना, खाऊन टाकणार आहेत का तुला? मी म्हटलं, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, मला एवढंच कळतं की तू चाळिशी उलटलेला बाप्या आहेस आणि चहा पिताना त्यांच्याकडे पाठ करून बसतोस. ते खरं होतं. दिसत नाही अशा माणसाकडे मी पाठ करून बसत होतो.

मग एकदा जेवताना त्यांनी घास ताटात ठेवला. डोळे माझ्या खांद्याच्या जरासे बाजूला रोखून म्हणाले, "खरं सांग. विकलीस ना? मी रागावणार नाही."

पूर्वी एकदा विकण्याचं बोलणं झालं होतं, त्यांची नजर गेली तेव्हा. त्यांनी म्हटलं होतं, मी आहे तोवर नको, माझ्यामागे काय करायचं ते कर. आणि आता मी रागावणार नाही म्हणत होते. बायकोने माझ्याकडे बघितलं. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. पण नाही म्हटलं की ते उठून काठी शोधणार होते. मला त्या क्षणी काय वाटलं ते लाज सोडून सांगतो. मला वाटलं, विकणं हा साऱ्या जगाचा गुन्हा आहे. लोक बापाची घरं विकतात, शेतं विकतात, गाड्यांचं काय घेऊन बसलात. तो गुन्हा माफ होतो. पण गाडी जपून ठेवायची, तिच्यावर जीव टाकायचा आणि बापाच्या हातचा डबा त्याच्याच खिडकीखाली बसून कापायचा, हा गुन्हा माझा एकट्याचा. मोठं पाप कबूल करून मी छोटं लपवलं. की उलटं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. मी म्हणालो, "हो. विकली."

अण्णांनी मान हलवली. ताटातला घास पुन्हा उचलला आणि खाल्ला. मग विचारलं, कोणाला? मी म्हणालो, एका दातांच्या डॉक्टरला. कुठून सुचला कोण जाणे, पण एकदा तोंडातून पडला म्हटल्यावर त्याला हातपाय द्यावे लागले. सांभाळून चालवणारा आहे, हौशी आहे, वर छप्पर असलेली जागा आहे त्याच्याकडे. सकाळी चोक अर्धाच ओढायला सांगितलंस ना, अण्णांनी विचारलं. सांगितलं. डावं मागचं दार जोराने आपटायचं नाही, जरा उचलून लावायचं. तेही सांगितलं. चांगला माणूस दिसतोय, ते म्हणाले, बरं केलंस.  पाणी पिऊन झाल्यावर भांडं विसळताना बायको एवढंच म्हणाली, मला ह्यात ओढायचं नाहीस, मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही, विचारलं तर गप्प बसेन. आणि दुसऱ्या दिवशी मी घरी आलो तेव्हा वेताची खुर्ची खिडकीशी नव्हती. भिंतीला लावून ठेवलेली होती, आणि अण्णा आतल्या खोलीत पलंगावर पडून होते. चेहरा छताकडे. झोपलेले नव्हते. खिडकीत बसून ऐकायचं काय आता, असं बायकोला म्हणाले होते.

ते मला खाऊन टाकायला पुरेसं होतं. तरी माझं नाटक संपेना. सुरुवातीला मी गाडी बाजारामागे लावायला लागलो आणि चालत यायचो. तिथे कोणीतरी तिच्या दिव्याची कड वाकवली, तेव्हा जिवाची घालमेल होऊन परत आमच्या जागेवर आणली. मग नवीन शिस्त लागली. गाडी लावायची, आणि लगेच वर जायचं नाही. लाँड्रीच्या पायरीशी उभं राहायचं, इस्त्रीवाल्याशी चार गप्पा, पेपर चाळायचा, मग बसमधून उतरून आल्यासारखं, जरा थकल्यासारखं वर जायचं. इस्त्रीवाला एकदा म्हणाला, साहेब, घरी भांडण आहे का? मी म्हटलं, तसंच समजा.

अण्णांनी आवाज ओळखला नाही म्हणजे ऐकला नाही असं थोडंच आहे. थोड्या दिवसांनी त्यांनी बायकोला विचारलं, आपल्या जागेवर कोणाची गाडी लागते? ती ठरल्याप्रमाणे गप्प बसली. मी आतून ओरडून सांगितलं, वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत. आणि त्याच आठवड्यात खुर्ची पुन्हा खिडकीशी गेली. मी लाँड्रीपाशी गिअर उतरवताना वर बघितलं तर कोपर खिडकीत. मला आनंद व्हावा की काय व्हावं तेच कळेना. जेवताना अण्णा त्या भाडेकरूच्या गाडीबद्दल बोलायला लागले. जुनी आहे म्हणाले, आपल्या काळातली. पण माणसाने काहीतरी केलंय तिला. मी विचारलं, काय केलंय?  ते म्हणाले, तिचं नाक मोकळं केलंय. बाहेरची हवा देतोय तो तिला. मग बराच वेळ भाताची शितं बोटांनी गोळा करत राहिले आणि म्हणाले, "डोकं आहे त्याला. मी आपलीला जन्मभर गरम हवा पाजत राहिलो."

असं मला जन्मात कोणी म्हणालं नव्हतं. म्हणजे मला म्हणालं नव्हतंच. म्हणाले ते वरच्या मजल्यावरच्या त्या भाडेकरूला, जो नव्हताच. मी ताटावरून उठलो, हात धुतले, आणि परत येऊन सांगावं असं ठरवून आलो, ओठांपर्यंत आणलं. त्यांनी पुढे विचारलं, त्या डॉक्टरला आपली नीट चालवता येते का रे, काही कळलं का? मी म्हणालो, मजेत आहे म्हणे. शब्द ओठांवरून परत गेले. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं: डबा, ग्रिल, डॉक्टर, भाडेकरू, ती लाँड्रीची पायरी. एक खोटं असतं तर कबूल करता आलं असतं. मी तर बिऱ्हाडच थाटलं होतं.

मग ते मागेच लागले. त्या माणसाला भेटायचंय. भेटायचं नसेल तर नसो, पण एकदा त्याच्या गाडीला हात लावायचाय, पाइप कसा नेलाय ते बघायचंय. बघायचंय असंच म्हणाले. मी टाळलं, पुन्हा टाळलं. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी ते स्वतःच काठी घेऊन जिन्यापर्यंत गेले आणि बायको मला म्हणाली, "आता तू जातोस की मी नेऊ?" मी गेलो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर, एकेक पायरी, गुडघा कुरकुरला की थांबायचं. उतरता उतरता माझ्या डोक्यात काय काय चाललं होतं म्हणून सांगू. खाली आणखी गाड्या उभ्या होत्या. कुठल्याही बॉनेटवर त्यांचा हात नेऊन ठेवावा, मालक घरी नाही म्हणावं, संपलं. अगदी पायरी संपेपर्यंत मी ते मनात धरून होतो. आणि खाली आल्यावर माझे पाय आपोआप आमच्याच गाडीकडे वळले. मी काही धीटपणे ठरवलं नाही. खोटं बोलून थकलो होतो, एवढंच.

अण्णांनी पुढचा गोल दिवा चाचपला. मग बॉनेटची कड. मग हात दाराकडे आला, डाव्या मागच्या दाराकडे, आणि त्यांनी ते दार उघडलं, जरासं उचललं आणि लावलं. ते नीट लागलं. कितीतरी वेळ त्यांचा हात त्या कडीवरच होता. वरती कोणाच्या तरी घरात बादली भरत होती, ती भरून वाहायला लागल्याचा आवाज आला. मी वाट बघत होतो. शिवी दिली असती तर मी पाया पडलो असतो, गल्लीत, सगळ्यांसमोर. त्यांनी फक्त म्हटलं, "उघड." मी बॉनेट उघडलं. त्यांची बोटं इंजिनावरून रबरी नळीवर आली, नळीवरून पाइपवर, चंदेरी पट्टीवरून पहिला बाक, दुसरा बाक, क्लिपा एकेक करून, अगदी पुढे जाळीपर्यंत. मी काढून दाखवलेल्या त्या कागदावरून बोट फिरवावं तशी. मग परत येऊन पत्र्याच्या भिंतीवर थांबली. अंगठा मागेपुढे झाला, आणि टाक्यावर स्थिरावला. एकदा त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग पत्र्याच्या कडेवरून बोट नेलं, जिथे मी कातर लावली होती तिथून, आणि झटकन मागे घेतलं. बोटाला रक्त आलं होतं. मी रुमाल काढला. तो त्यांनी घेतला नाही, बोट तोंडात घातलं.

"सुरू कर," ते म्हणाले. मी आत बसून किल्ली फिरवली. गाडीने तो मोठा श्वास घेतला. काचेतून मला ते दिसत होते, उघड्या बॉनेटच्या आड, नुसते खांदे आणि काठी. बराच वेळ उभे होते. मग हात वर करून बंद कर म्हणून खूण केली. मी उतरून समोर गेलो आणि म्हणालो, अण्णा.  त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला, बघितलं.

"त्याला सांग," अण्णा म्हणाले, "काम चांगलं झालंय. पण कड घासून घे म्हणावं. कोणाचा तरी हात कापेल."

मला वाटलं ते हसतील. हसले नाहीत. चेहऱ्यावर रागही नव्हता. मी म्हणालो, "सांगतो." वर जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, उतरताना ठेवला होता तसाच, ना हलका ना जड. बायकोने दारात त्यांचं बोट बघितलं, हळद आणली, आणि माझ्याकडे असं बघितलं की झालं ना एकदाचं. मीही मान डोलावली. मला खरंच वाटलं, झालं. दुपारी कानस घेऊन खाली गेलो आणि त्या पत्र्याची कड बोट फिरवलं तरी लागणार नाही इतकी घासली. घासताना मला रडू आलं, ते पुसून पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी लाँड्रीशी थांबलो नाही. गिअर उतरवला, वर बघितलं, कोपर खिडकीत होतं. गाडी लावली, काचा वर केल्या आणि सरळ जिना चढलो, भराभरा, पोरासारखा. कितीतरी दिवसांनी त्या वाटेवर मला चहाचा वास अपेक्षित होता. दार नुसतं लोटलेलं होतं. मी हात पुढे केला तोच आतून बायकोचा आवाज आला, ती खिडकीशी जाऊन अण्णांना विचारत होती, गाडी आली ना, चहा टाकू का?

"तो आला," अण्णा म्हणाले. "आपला अजून यायचाय. थांब जरा."

मी हात मागे घेतला. चप्पल वाजणार नाही अशा बेताने जिना उतरलो आणि लाँड्रीच्या पायरीशी जाऊन उभा राहिलो. इस्त्रीवाल्याने नुसता पेपर पुढे केला. मी तो घेतला, आणि बस यायला लागेल तेवढा वेळ वाचत राहिलो.